पूल प्रकल्पांतील खर्चवाढ

पूल प्रकल्पांतील खर्चवाढ म्हणजे पुलाच्या बांधकामाचा प्रत्यक्ष खर्च आणि काम मंजूर करताना धरलेला अंदाजित खर्च यांतील वाढीचा फरक. हा फरक बहुधा मूळ अंदाजाच्या टक्केवारीत सांगितला जातो. शहरातील पुलांच्या बाबतीत खर्चवाढ अधिक संभवते. तेथे जागा अपुरी असते, जमिनीखाली जलवाहिन्या व केबलींचे जाळे असते, वाहतूक चालू ठेवूनच काम करावे लागते आणि रेल्वे, महापालिका, वाहतूक पोलीस, वीज कंपनी अशा अनेक यंत्रणांची संमती लागते. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतूचे आहे.

खर्चवाढीचे व्यवस्थापन ही बांधकाम व्यवस्थापनाची एक शाखा असून अंदाजपत्रकाची तयारी, जोखमीची वाटणी, बदलांवर नियंत्रण आणि झालेल्या कामाचे नियमित मोजमाप हे तिचे मुख्य भाग आहेत. खर्च वाढल्यानंतर करावयाचे उपाय थोडे आणि महाग असतात. बहुतेक परिणामकारक उपाय पहिला खांब उभा राहण्यापूर्वीचेच आहेत.

खर्चवाढ कशापासून मोजावी

एकाच पुलाच्या खर्चवाढीचे वेगवेगळे आकडे प्रसिद्ध होतात. याचे कारण बहुतेक वेळा लबाडी नसून मोजणीचा आरंभबिंदू निराळा असणे हे असते. सार्वजनिक बांधकामात एका कामाला अनेक किमती असतात. पहिली प्राथमिक अहवालातील ढोबळ किंमत. दुसरी प्रशासकीय मान्यतेची, म्हणजे एवढ्या रकमेपर्यंत काम करण्यास शासनाने दिलेल्या संमतीची. तिसरी तांत्रिक मान्यतेची, जी सविस्तर नकाशे व त्या वर्षीची दरसूची यांवरून काढलेली असते. चौथी ठेकेदाराच्या स्वीकृत निविदेची. अखेरची किंमत शेवटचे देयक चुकते झाल्यावरच कळते, आणि लवादात दावे प्रलंबित असतील तर तेव्हाही कळत नाही.

निविदेच्या रकमेपासून मोजल्यास वाढ कमी दिसते, प्रशासकीय मान्यतेपासून मोजल्यास जास्त. भूसंपादन, वाहिन्यांचे स्थलांतर, सल्लागारांचे शुल्क, वस्तू व सेवा कर आणि बांधकाम काळातील व्याज या रकमा कोठे धरल्या आहेत, हेही पाहावे लागते. अभ्यासक सामान्यतः बांधकामाचा निर्णय झाला त्या वेळचा अंदाज आधार मानतात, कारण लोकप्रतिनिधींनी व जनतेने त्याच आकड्यावर विश्वास ठेवलेला असतो.

महाराष्ट्रात मूळ मान्यतेच्या मर्यादेपलीकडे खर्च जाऊ लागल्यास ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घ्यावी लागते. कार्यालयीन भाषेत तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. हा शब्द पाटबंधारे प्रकल्पांमुळे वृत्तपत्रवाचकांच्या अधिक परिचयाचा झाला असला, तरी पुलांनाही ती तितकीच लागते.

माहीमचा बंधाररस्ता: एक जुने उदाहरण

सागरी सेतू ज्या खाडीच्या मुखावरून जातो तीच खाडी ओलांडणारा माहीमचा बंधाररस्ता (कॉजवे) १८४० च्या दशकात बांधला गेला. ईस्ट इंडिया कंपनी त्यासाठी पैसा देण्यास तयार नव्हती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी प्रथम १ लाख रुपये दिले. काम अर्ध्यावर आले असता ही रक्कम संपली आणि ते सोडून द्यावे लागेल अशी वेळ आली. तेव्हा त्यांनी आणखी ५७ हजार रुपये दिले. एकूण खर्च १ लाख ५७ हजार, म्हणजे आरंभीच्या रकमेपेक्षा ५७ टक्के अधिक झाला. या रस्त्यावर लोकांकडून पथकर घेऊ नये, अशी देणगीची अट होती. माहीमकडून दादरकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही लेडी जमशेदजी यांचे नाव आहे.

येथे वाढलेला भार एका दात्या स्त्रीने उचलला आणि त्यावर व्याज आकारले गेले नाही. त्याच खाडीवरच्या पुढच्या पुलाच्या वेळी या दोन्ही गोष्टी बदललेल्या होत्या.

वांद्रे-वरळी सागरी सेतू

वांद्रे आणि वरळी यांना जोडणारा हा सुमारे ५.६ किलोमीटर लांबीचा आठपदरी पूल महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधून घेतला. बांधकामाचा ठेका हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीकडे होता. १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ६६० कोटी रुपये आणि मुदत पाच वर्षांची होती. प्रत्यक्षात ३० जून २००९ रोजी चार पदर खुले झाले व २४ मार्च २०१० पासून आठही पदरांवर वाहतूक सुरू झाली. खर्च सुमारे १,६०० कोटी रुपयांवर गेला; १,६३४ कोटी हा आकडाही नेहमी दिला जातो.

म्हणजे वाढ ९०० कोटींहून अधिक झाली. प्रसिद्ध आकड्यांनुसार तिच्यातील सुमारे ७०० कोटी रुपये केवळ वाढीव व्याजाचे होते. या प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील हाच आहे. सिमेंट महागले, पोलाद महागले, आराखडा बदलला, ही कारणे लोकांना सहज पटतात आणि ती खरीही असतात. परंतु येथे वाढीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पुलात कोठेही दिसत नाही. तो काळाची किंमत म्हणून गेला. पुलावरून एकही वाहन जात नसल्याने पथकराचे उत्पन्न शून्य होते, आणि घेतलेल्या कर्जावरील व्याज मात्र दररोज चढत होते.

विलंबाची कारणे अनेक होती. समुद्रातील भरावाचा किनाऱ्यावर होणारा परिणाम आणि पर्यावरणविषयक परवानग्या या मुद्द्यांवर अनेक लोकहित याचिका दाखल झाल्या. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांचा आक्षेप निराळा होता. आपल्या होड्यांचा समुद्रात जाण्याचा मार्ग खांबांमुळे अडेल, ही त्यांची भीती होती. आजच्या पुलाला केबलींनी तोललेले दोन भाग आहेत. वांद्र्याच्या बाजूस प्रत्येकी २५० मीटरचे दोन मोठे गाळे असून तेथील मनोरे सुमारे १२८ मीटर उंच आहेत. वरळीच्या बाजूचा मुख्य गाळा १५० मीटरचा आहे. मोठा गाळा म्हणजे पाण्यात कमी खांब. त्याची किंमत मात्र साध्या गाळ्याहून कितीतरी अधिक असते.

पायाची कामेही सोपी नव्हती. मुंबईचा खडक वरवर एकसारखा बेसाल्ट वाटतो. प्रत्यक्षात थोड्याशा अंतरात कठीण खडक, ज्वालामुखीजन्य राखेचा मऊ थर आणि कुजलेला, ठिसूळ खडक असे सर्व प्रकार सापडतात. या पुलासाठी घेतलेल्या सहाशेहून अधिक पायस्तंभांची खोली त्यामुळे सहा मीटरपासून चौतीस मीटरपर्यंत बदलती राहिली. शिवाय पावसाळ्याचे चार महिने खुल्या समुद्रातले काम जवळजवळ थांबते. एखादी परवानगी मे महिन्याऐवजी जुलैत मिळाली, तर कागदोपत्री विलंब दोन महिन्यांचा दिसतो. ज्या कामासाठी शांत समुद्र हवा, त्याचा मात्र संपूर्ण हंगाम हातचा जाऊ शकतो.

ही वाढ अखेर तीन ठिकाणी पोहोचली: महामंडळाच्या कर्जात, राज्याच्या तिजोरीवरील भारात आणि पथकरात. मोटारीसाठी २००९ मध्ये एकेरी प्रवासाला ५० रुपये पथकर होता. ठरावीक काळाने होणाऱ्या वाढीमुळे तो एप्रिल २०२४ पासून १०० रुपये झाला. माहीमच्या बंधाररस्त्यावरून आजही विनाशुल्क जाता येते.

खर्च वाढण्याची कारणे

अंदाजच कमी असणे. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूबियर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा अधिक झाला होता. सरासरी वाढ रस्त्यांत २० टक्के, पूल व बोगद्यांत ३४ टक्के आणि रेल्वेत ४५ टक्के होती. अंदाज चुकणे केवळ योगायोग असते, तर काही अंदाज जास्तीचे व काही कमीचे निघाले असते. चुका एकाच बाजूला झुकलेल्या आहेत, यावरून प्रकल्प मंजूर व्हावा म्हणून आकडा मुळातच लहान ठेवला जातो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याला तांत्रिक कारणांबरोबर मानवी आशावादही जबाबदार असतो, असे इतरांचे म्हणणे आहे.

जमिनीखालील अज्ञात. जुन्या शहरात महापालिकेच्या नकाशावर नसलेली जलवाहिनी खोदकामात सापडणे नित्याचे आहे. ती हलविण्यासाठी दुसऱ्या खात्याची परवानगी, पाणीकपातीची सूचना आणि पर्यायी वाहिनी लागते. तोपर्यंत भाड्याची यंत्रे उभी राहतात आणि त्यांचे भाडे चालू राहते.

दोन यंत्रणांमधील सांधा. अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा पदपथाचा भाग ३ जुलै २०१८ रोजी रेल्वेमार्गावर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीसाठी बंद करून तो नव्याने बांधण्यात आला. रेल्वेमार्गावरील उंचीच्या नव्या निकषांमुळे नवा पूल जुन्यापेक्षा उंच झाला आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याचा मेळ बसेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा दोन्ही पुलांमधील उंचीचा फरक सर्वांच्या थट्टेचा विषय झाला होता. पुढे बर्फीवाला पुलाचा टोकाचा भाग जॅक लावून उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले गेले. संपूर्ण गोखले पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. प्रत्येक पुलाचा नकाशा स्वतंत्रपणे पाहिला, तर अशी अडचण दिसत नाही. ती दोन नकाशांच्या मधल्या रेघेत दडलेली असते.

काम सुरू झाल्यावर आराखडा बदलणे. मुंबई किनारी रस्त्याच्या वरळी येथील भागात खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवले होते. वरळीच्या मच्छीमारांनी दीर्घकाळ आंदोलन केल्यानंतर ते १२० मीटर करण्याचे मान्य झाले. हाच रस्ता सागरी सेतूला जोडला जाणार होता आणि त्याच कोळीवाड्याने होड्यांच्या वाटेचा तोच प्रश्न आधीच्या पुलाच्या वेळीही मांडला होता. त्यामुळे या बदलाला ‘अनपेक्षित’ म्हणणे कठीण आहे. बाधित लोकांशी आधी बोलणे हा सौजन्याचा भाग तर आहेच, पण तो अंदाजपत्रकाचाही भाग आहे.

भाववाढ व करबदल. दीर्घ मुदतीच्या कामात सिमेंट, पोलाद, इंधन व मजुरी यांचे दर बदलतात. शासकीय बांधकामाच्या ठेक्यांवरील वस्तू व सेवा कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हा चालू कामांचे हिशेब फिरवावे लागले.

स्पर्धेचा अभाव. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या पूर्व भागाचा आरंभीचा अंदाज सुमारे १.३ अब्ज डॉलर होता. २०१३ मध्ये तो खुला झाला तेव्हा खर्च ६.४ अब्ज डॉलर झाला होता. त्याच्या मुख्य झुलत्या भागासाठी २००४ मध्ये एकच निविदा आली, आणि ती अंदाजाच्या जवळपास दुप्पट रकमेची होती.

नियंत्रणाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे पायाच्या जागेची पुरेशी तपासणी. शक्य तेथे प्रत्येक खांबाच्या जागी छिद्र घेऊन खडकाचे नमुने तपासावेत, असा आग्रह अभियंते धरतात. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम अल्प असते. तरीही अंदाजपत्रक कमी करावयाचे असले की कात्री पहिल्यांदा येथेच लागते.

दुसरा, तुलनेवर आधारलेला अंदाज. प्रत्येक बाबीचे प्रमाण आणि दर यांचा गुणाकार करून काढलेला आकडा ‘आतून’ पाहिलेला असतो. अशाच प्रकारच्या पूर्वीच्या पुलांत किती टक्के वाढ झाली हे पाहून तो आकडा दुरुस्त करणे म्हणजे ‘बाहेरून’ पाहणे. ब्रिटनच्या अर्थ मंत्रालयाने आशावादाच्या भरपाईसाठी अंदाजात अशी वाढ धरण्याचे मार्गदर्शन २००३ पासून लागू केले.

तिसरा, जोखमीची करारातून वाटणी. बाबनिहाय दराच्या ठेक्यात प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे पैसे दिले जातात. परिमाण वाढले की भार मालक-यंत्रणेवर पडतो. ठोक रकमेच्या, आराखड्यासह दिलेल्या ठेक्यात परिमाणाची जोखीम ठेकेदाराकडे जाते. त्या बदल्यात तो निविदेतच अधिक किंमत लावतो. एखादी जोखीम जो अधिक चांगली हाताळू शकेल त्याने ती घ्यावी, हे सामान्य तत्त्व आहे. खांब वेळेत ओतणे ठेकेदाराच्या हातात असते, परंतु भूसंपादन व वनखात्याची परवानगी त्याच्या हातात नसते. अशी जोखीम त्याच्या गळ्यात घातली, तर ती दाव्याच्या रूपाने परत येते. भाववाढीसाठी करारात निर्देशांकांवर आधारलेले सूत्र घालण्याची पद्धत आहे. त्यामुळे वाढलेल्या दराचा ठरावीक भाग वाद न होता मिळतो.

मुंबई पारबंदर प्रकल्पात, म्हणजे आजच्या अटल सेतूत, खासगी गुंतवणुकीचा मार्ग प्रथम पाहिला गेला. २०१३ मध्ये पूर्वपात्र ठरलेल्या एकाही कंपनीने निविदा भरली नाही. त्यानंतर जपानी कर्ज घेऊन काम तीन मुख्य भागांत विभागण्यात आले. २१.८ किलोमीटरचा हा पूल १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याचा खर्च उद्घाटनाच्या वेळी सुमारे १७,८४० कोटी रुपये सांगण्यात आला.

अतिशय कमी दराची निविदा हा वेगळा धोका आहे. काम मिळविण्यासाठी दर पाडणारा ठेकेदार पुढे अतिरिक्त बाबी व दाव्यांतून तूट भरून काढतो, अथवा काम अर्धवट सोडतो. म्हणून अंदाजित रकमेपेक्षा बऱ्याच खालच्या निविदेवर अतिरिक्त सुरक्षा ठेव मागितली जाते.

चौथा उपाय बदलांच्या नियंत्रणाचा. आराखड्यातील प्रत्येक बदल लेखी असावा, त्याचा पैशावर व मुदतीवर होणारा परिणाम आधी काढावा आणि तो मंजूर करण्याचा अधिकार कोणाला आहे हे ठरलेले असावे. जागेवर तोंडी दिलेली सूचना काही महिन्यांनी ‘अतिरिक्त बाब’ म्हणून देयकात उगवते.

झालेल्या कामाचे मोजमाप

केवळ खर्चाचा आकडा पाहून प्रकल्पाची प्रकृती कळत नाही. खर्च कमी झाला असेल, तर बचत झाली असेल किंवा कामच झाले नसेल. यासाठी ‘अर्जित मूल्य’ ही पद्धत वापरतात. समजा, १०० कोटी रुपयांच्या एका पुलाचे पहिल्या वर्षात ४० कोटींचे काम व्हावयाचे होते. वर्षअखेर मोजमाप पुस्तिकेप्रमाणे मूळ दराने ३० कोटींचेच काम झाले आणि त्यासाठी ३६ कोटी खर्च झाले. येथे वेगाचा निर्देशांक ३० भागिले ४०, म्हणजे ०.७५ आहे; खर्चाचा निर्देशांक ३० भागिले ३६, म्हणजे सुमारे ०.८३. हीच गती राहिली तर पूल १०० ऐवजी १२० कोटींत पुरा होईल. ठरलेल्या ४० कोटींपैकी ३६ च खर्च झाले म्हणून समाधान मानणाऱ्या अहवालातून हे उलगडत नाही.

ही पद्धत प्रामाणिक मोजमापावर अवलंबून आहे. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून न झालेल्या कामाची नोंद केली गेली, तर सूत्र कितीही अचूक असले तरी उत्तर चुकीचेच येते. केंद्रीय पातळीवर सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांच्या खर्चवाढीचे व विलंबाचे अहवाल प्रसिद्ध करते. राज्यांच्या व महापालिकांच्या पुलांसाठी नागरिकांना बहुधा लेखापरीक्षण अहवाल, विधिमंडळातील प्रश्नोत्तरे आणि माहितीचा अधिकार यांवर विसंबावे लागते.

दावे व लवाद

विलंब कोणामुळे झाला यावर मालक-यंत्रणा व ठेकेदार यांचे एकमत क्वचितच होते. असे वाद लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ अन्वये चालतात आणि पूल खुला झाल्यावरही अनेक वर्षे रेंगाळतात. लवादाचा निर्णय विरुद्ध गेला की त्याला न्यायालयात आव्हान देण्याची शासकीय यंत्रणांची प्रवृत्ती असते. या काळात व्याज चालूच राहते. ठेकेदारांचा पैसा अडकून राहू नये म्हणून केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये एक निर्णय घेतला. निवाड्याला आव्हान दिले असले, तरी बँक हमी घेऊन ७५ टक्के रक्कम देण्याची तरतूद त्यात केली गेली. संबंधित अधिकाऱ्यापुढची अडचणही खरी असते. वाजवी दावा वेळीच मान्य केल्यास त्याच्यावर संशय घेतला जाऊ शकतो. तो फेटाळून प्रकरण न्यायालयात गेले, तर कोणी त्याला जाब विचारत नाही.

मर्यादा व मतभेद

कमी खर्चात आणि वेळेत होणारे पूलही आहेत. महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला व त्यात प्राणहानी झाली. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. तेथे निकड सर्वांना मान्य होती आणि रस्त्याची जागा आधीपासून होती. गजबजलेल्या शहरातील पुलाला हे दोन्ही लाभ एकत्र क्वचितच मिळतात.

खर्चवाढ आणि अपव्यय हे समानार्थी शब्द नाहीत. मच्छीमारांच्या होड्यांसाठी वाढविलेला गाळा खर्च वाढवितो आणि एका वस्तीची उपजीविकाही राखतो. अल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९६७ मध्ये याहून पुढचे मत मांडले. खऱ्या अडचणी आधी कळल्या असत्या तर कित्येक उपयुक्त प्रकल्प सुरूच झाले नसते, असे तो म्हणतो. फ्लूबियर्ग यांनी या मताचे आकडेवारीच्या आधारे खंडन केले आहे.

याउलट, अंदाजाच्या आत पूर्ण झालेला पूलही महाग ठरू शकतो. पुण्यात विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोच्या कामासाठी पाडण्यात आले आणि तेथे नवा दुमजली पूल हाती घ्यावा लागला. नागपूरच्या वर्धा मार्गावर मात्र महामार्गाचा उड्डाणपूल आणि मेट्रो एकाच खांबांवर एकावर एक बांधण्यात आले. ३.१४ किलोमीटरच्या या रचनेत खांबांसाठी दुसऱ्यांदा जागा घ्यावी लागली नाही. पाडलेल्या पुलाची किंमत कोणत्याही प्रकल्पाच्या खर्चवाढीच्या तक्त्यात दिसत नाही. जुन्या प्रकल्पाचा हिशेब तोवर मिटलेला असतो आणि नव्याचा पाडकामापासून सुरू होतो.